उद्यमबागेतलं सात मशीनचं क्लस्टर : कामाच्या नोंदी, जून ते सप्टेंबर २०२४

१० जून, सोमवार

ह्यावेळी पहिल्या दिवसापासून लिहून ठेवतोय. मागचं सेटअप केलं तेव्हा अर्धं डोक्यात आणि अर्धं कुठल्यातरी चॅटमध्ये होतं, एक मशीन गेलं आणि काय कुठं बसवलं होतं हे शोधण्यात आठ दिवस गेले. तसं परत नको.

काम काय आहे ते आधी. बेळगावच्या उद्यमबागेतल्या चार ठिकाणच्या मिळून चाळीस मशीनवर सेन्सर लावलेत, फर्नेसचं तापमान, प्रेसचं प्रेशर, आणि त्यातल्या बारा मशीनवर स्पिंडलचं व्हायब्रेशन. तापमानाचा डेटा किरकोळ आहे पण व्हायब्रेशन सेकंदाला पाच हजार वेळा मोजतोय, म्हणजे एका शिफ्टला बारा मशीनचा मिळून रोज साधारण सात जीबी. मालकांचं म्हणणं डेटा गावाबाहेर जायचा नाही आणि महिन्याच्या महिन्याला बिल नको. त्यामुळं वर्कशॉपच्या वरच्या मजल्यावर सात जुने डेस्कटॉप मांडलेत, ते जोडून क्लस्टर, म्हणजे सगळे मिळून एका मशीनसारखे चालणारे, दोन मास्टर १६ जीबी रॅमचे, पाच वर्कर ८ जीबीचे, प्रत्येक वर्करला एक टीबीच्या दोन डिस्क. एकूण १० टीबी. हडूप (डेटा अनेक मशीनवर वाटून ठेवणारं सॉफ्टवेअर) प्रत्येक ब्लॉकच्या, म्हणजे फाइलच्या तुकड्याच्या, तीन प्रती ठेवतं म्हणून हातात येणार ३.३ टीबीच्या आसपास. वर्षभराला पुरेल.

नावांवरून पहिलाच अर्धा दिवस गेला. मी सवयीनं नोड अंडरस्कोअर एक, नोड अंडरस्कोअर दोन अशी नावं दिली होती, आणि नेमनोड (कुठला ब्लॉक कुठं आहे ह्याचा हिशोब ठेवणारा हडूपचा प्रोग्रॅम) पत्ता ओळखायलाच तयार नाही. कारण सापडलं, होस्टच्या नावात अंडरस्कोअर असला की जावाचं यूआरआय पार्सिंग होस्टचं नाव रिकामं धरतं. मग अक्का म्हणाल्या (आमच्याकडं डेटाबेसचं सगळं त्याच बघतात), "नद्यांची नावं दे की, लक्षात पण राहतात." दिली. मास्टर कृष्णा आणि मलप्रभा, वर्कर घटप्रभा, हिरण्यकेशी, मार्कंडेय, दूधगंगा, वेदगंगा. सगळ्या आपल्याच जिल्ह्यातून वाहणाऱ्या, आणि शेवटी सगळं पाणी कृष्णेलाच मिळतं.

१२ जून, बुधवार

हडूप ३.३.६, जावा ११, उबंटू २२.०४. नेमनोड चालू, पाची डेटानोड (वर्करवर प्रत्यक्ष डेटा ठेवणारे प्रोग्रॅम) चालू, पण वेब पानावर लाइव्ह नोड शून्य. डेटानोडच्या लॉगमध्ये एकच ओळ परत परत, कृष्णाच्या ८०२० पोर्टला कनेक्शन होत नाही. फायरवॉल बंद केला, केबल बदलली, पिंग जातंय, एसएसएच (दुसऱ्या मशीनवर लांबून लॉगिन) जातंय. दुपारचं जेवण राहिलं.

शेवटी कृष्णावर बसून कुठल्या पत्त्यावर पोर्ट उघडलाय ते बघितलं तर १२७.०.१.१. उबंटू आणि डेबियन इन्स्टॉल करताना होस्ट फाइलमध्ये मशीनचं स्वतःचं नाव ह्या लूपबॅक पत्त्याला बांधून ठेवतात. नेमनोडनं "कृष्णा" कोण असं विचारलं, फाइलनं सांगितलं तूच, आणि तो स्वतःशीच बोलत बसला, बाहेरच्याला दार बंद. ती एक ओळ काढली आणि खऱ्या पत्त्याची टाकली, पाचही डेटानोड मिनिटभरात दिसले. सातही मशीनवर तीच दुरुस्ती हातानं केली. हातानं केली हे मुद्दाम लिहितोय, कारण सातव्या मशीनवर पत्त्यात एक आकडा चुकला आणि तो संध्याकाळी सापडला. एकच काम सात वेळा हातानं केलं की एकदा तरी चुकणारच.

१५ जून, शनिवार

कॉलेजची दोन पोरं प्रोजेक्टसाठी येतात शनिवारी. वेदगंगाची ओएस खराब झाली होती म्हणून त्यांनी वेळ वाचवायला घटप्रभाच्या डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी प्रत, काढून तिच्यावर टाकली. कल्पना चांगली होती. पण त्यानंतर पानावर पाचऐवजी चारच नोड, आणि त्यातला एक कधी घटप्रभा दिसतोय, कधी वेदगंगा. पान रिफ्रेश केलं की नाव बदलतंय.

डेटानोड पहिल्यांदा चालू होताना स्वतःला एक यूयूआयडी, म्हणजे दुसऱ्या कुणाची नसलेली ओळख, देतो आणि डेटाच्या फोल्डरमधल्या व्हर्जन नावाच्या फाइलमध्ये लिहून ठेवतो. इमेजबरोबर ती फाइल पण गेली, त्यामुळं नेमनोडच्या दृष्टीनं दोघं एकच, फक्त पत्ता बदलत राहणारा. वेदगंगाचं डेटा फोल्डर पूर्ण रिकामं करून परत चालू केलं, झालं. एसएसएचच्या होस्ट की आणि मशीन आयडी पण नव्यानं केल्या, त्या पण तशाच कॉपी झाल्या होत्या.

पोरांना रागावलो नाही. उलट त्यांनाच ती व्हर्जन फाइल उघडून दाखवायला लावली, क्लस्टर आयडी कुठला, यूयूआयडी कुठला. नेमनोड परत फॉरमॅट केला की क्लस्टर आयडी नवीन होतो आणि जुने डेटानोड जुळत नाही म्हणून बंद पडतात, तो एरर पण त्यांना आत्ताच सांगून ठेवला, कारण तो प्रत्येकाला एकदा भेटतोच.

२२ जून, शनिवार

हा आठवडा अंबारीवर गेला, हडूपचं क्लस्टर एका जागेवरून सांभाळायचं टूल. हडूप हे नाव डग कटिंग यांच्या मुलाच्या खेळण्यातल्या पिवळ्या हत्तीचं, आणि हत्तींवर बसायची ती अंबारी, आपला दसऱ्याचाच शब्द. हडूपच्या क्लस्टरवर बसून सगळं बघायचं आणि चालवायचं म्हणून टूलचं नाव तसं. नाव ऐकूनच मला ते आवडायचं.

दोन मशीन बाजूला काढून, हिरण्यकेशी आणि दूधगंगा, त्यांच्यावर करून बघितलं. एक सर्व्हर, बाकी प्रत्येक मशीनवर एजंट, एजंट दर थोड्या वेळानं सर्व्हरला मी आहे म्हणून कळवतो आणि काय करायचं ते विचारतो. ब्राउझरमधून कॉन्फिग बदललं की कुठल्या कुठल्या सर्व्हिस रीस्टार्ट करायला लागणार हे ते स्वतः सांगतं. जुनं कॉन्फिग व्हर्जन म्हणून राहतं, मागं जाता येतं. सगळं बंद, सगळं चालू अशी बटणं आहेत आणि कोण आधी कोण नंतर हा क्रम त्याला माहीत असतो. हे खरंच मोलाचं आहे. ज्यानं शंभर मशीन सांभाळलीत त्याला विचारा.

पण आपल्याला ते बसत नाही असं माझं मत झालं. एक म्हणजे त्याचा मेट्रिक्स गोळा करणारा भाग आतमध्ये एचबेस (हडूपवरचा डेटाबेस) चालवतो, ८ जीबीच्या मशीनवर तोच इतकी रॅम घेऊन बसला की कामाला काय उरणार. दुसरं, पॅकेजचा प्रश्न. पूर्वी अंबारीबरोबर हॉर्टनवर्क्सची हडूप पॅकेजेस सगळे वापरायचे. हॉर्टनवर्क्स आणि क्लाउडेरा जानेवारी २०१९ मध्ये एक झाले आणि ३१ जानेवारी २०२१ पासून त्या डाउनलोडला सबस्क्रिप्शन लागतं, त्यामुळं इंटरनेटवरच्या जुन्या पोस्टमधल्या बहुतेक लिंक आता चालत नाहीत. आता रस्ता अपाची बिगटॉपचा, हडूपची पॅकेजेस बांधून देणारा खुला प्रकल्प. अंबारी प्रकल्प स्वतः २०२२ च्या जानेवारीत अपाचीच्या ॲटिकमध्ये, म्हणजे माळ्यावर, टाकला गेला होता आणि त्याच वर्षी लोकांनी तो परत खाली आणला, ही चांगली गोष्ट, त्यांचे आभार मानायला पाहिजेत. तिसरं, जी माहिती मिळते ती बहुतेक सेंटओएस ७ ही लिनक्स धरून लिहिलेली आणि त्याचा सपोर्ट ह्याच ३० जूनला संपतोय. आज नवीन क्लस्टर त्याच्यावर उभं करणं मला पटत नाही.

अक्कांचं म्हणणं वेगळं होतं. त्या म्हणाल्या, "तू नसताना मला एक बटण दिसलं पाहिजे, ते तुझ्या काळ्या स्क्रीनवर दिसतंय का?" त्यांचा मुद्दा बरोबर आहे. त्याचं उत्तर द्यायला पाहिजे, नुसतं अंबारी नको म्हणून भागत नाही.

२८ जून, शुक्रवार

अन्सिबल घेतलं, सगळ्या मशीनचं सेटिंग एका जागेवरून करणारं टूल. एजंट नाही, वर्करवर वेगळं काही चालवायला लागत नाही, एसएसएच आणि पायथन असलं की झालं. मलप्रभावरून चालवतोय.

एक इन्व्हेंटरी फाइल, त्यात सात नद्या आणि कोण काय करतो. हडूपच्या कॉन्फिग फाइलींचे टेम्पलेट. होस्ट फाइलचा पण टेम्पलेट, म्हणजे १२ तारखेचा तो आकडा आता एकाच मशीनवर चुकणं शक्यच नाही, चुकला तर सातही ठिकाणी चुकेल आणि लगेच कळेल. सगळं गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद राहते. पोरांनी विचारलं, स्क्रिप्ट लिहिली असती तर काय बिघडलं असतं? बिघडत नाही, पण स्क्रिप्ट "हे कर" म्हणते आणि अन्सिबल "हे असं असलं पाहिजे" म्हणतं, आधीच तसं असेल तर हात लावत नाही. दुसऱ्यांदा चालवलं तर सगळीकडं चेंज्ड शून्य आलं. तो शून्य बघून मला जेवढं बरं वाटलं तेवढं पहिला जॉब चालल्यावर पण वाटलं नव्हतं.

हायअव्हेलेबिलिटी पण लावली, म्हणजे ॲक्टिव्ह नेमनोड गेला तर दुसरा काम हातात घेतो. कृष्णावर आणि मलप्रभावर एकेक नेमनोड, जर्नलनोड (नेमनोडच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारे) तीन, झूकीपर (ॲक्टिव्ह कोण हे ठरवायला लागणारे) तीन, हे तिसरं ठिकाण घटप्रभा. तीनच का, तर तिघातल्या दोघांचं एकमत झालं की चालतं, चार ठेवले तरी एकच गेलेला सोसतो, मग चौथ्याचा उपयोग काय.

५ जुलै, शुक्रवार

पाऊस. खानापूरकडून येणारा पोरगा आला नाही.

दुसऱ्या पोराचा स्पार्कचा (क्लस्टरवर डेटाचे हिशोब करणाऱ्या टूलचा) जॉब मधेच मरत होता. तो तीन दिवस स्वतःचा कोड तपासत बसला होता बिचारा, कोड बरोबर होता. यार्नला (जॉबना रॅम वाटून देणारा हडूपचा भाग) मशीनची रॅम किती हे सांगितलं नाही तर तो ८१९२ एमबी धरून चालतो. आमच्या वर्करमध्ये एकूणच ८ जीबी. म्हणजे यार्न सगळी रॅम वाटून मोकळा, ओएसला आणि डेटानोडला काहीच नाही, मग कर्नल ज्याची रॅम जास्त त्याला मारतो. ५१२० केलं टेम्पलेटमध्ये, पाचही वर्करवर एकदम गेलं. तरी एक मरतच होता, तो व्हर्च्युअल मेमरीच्या तपासणीमुळं, खऱ्या रॅमच्या २.१ पटीच्या वर व्हर्च्युअल गेली की कंटेनर, म्हणजे जॉबचा त्या मशीनवर चाललेला तुकडा, बंद करतात. ती तपासणी बंद केली, खऱ्या रॅमची चालूच ठेवली.

१६ जुलै, मंगळवार

आजची नोंद जरा लांब होणार.

ग्राफाना (आलेख दाखवणारं टूल) लावून पंधरा दिवस झालेत. प्रोमिथियस सगळ्या मशीनकडून आकडे ओढून घेतं, मशीनचे नोड एक्स्पोर्टरकडून आणि हडूपचे जेएमएक्समधून (जावाचे आतले आकडे बाहेर देणारी सोय). डिस्क, रॅम, तापमान हे सगळे बघतात. मी आज सहज नेमनोडच्या हीपचा (त्याला दिलेल्या रॅमचा) आलेख पंधरा दिवसांचा काढला आणि तो जिना चढल्यासारखा वर चाललाय. डेटा तर जेमतेम शंभर जीबी झालाय, १० टीबीतला. मग हीप का भरतोय?

फाइलींची संख्या बघितली आणि समजलं. प्रत्येक मशीनजवळची गेटवे पेटी दर दहा सेकंदाला एक फाइल पाठवते. आठ तासांची शिफ्ट, म्हणजे एका मशीनच्या २,८८० फाइल, चाळीस मशीनच्या दिवसाला १,१५,२०० फाइल. व्हायब्रेशनची फाइल दोनशे केबीची, बाकीच्या एकदोन केबीच्या. आणि एचडीएफएसचा, म्हणजे हडूपच्या फाइल साठवणीचा, ब्लॉक १२८ एमबीचा.

लहान फाइल डिस्कवर १२८ एमबी जागा खात नाही, हा गैरसमज पोरांचा पण होता. डिस्कवर ती तेवढीच राहते. त्रास नेमनोडला. तो प्रत्येक फाइल आणि प्रत्येक ब्लॉकची नोंद रॅममध्ये धरून बसतो, अंदाजानं एका नोंदीला १५० बाइट धरतात. एक फाइल एक ब्लॉक म्हणजे दोन नोंदी, ३०० बाइट. तीनशे कामाचे दिवस धरले तर वर्षात तीन कोटी पंचेचाळीस लाख फाइल, गुणिले ३००, म्हणजे १० जीबीच्या वर हीप. आपण दिलाय ४ जीबी. चार-पाच महिन्यांत भरला असता, दिवाळीच्या आसपास. आणि तेव्हा आपण काय समजलो असतो, रॅम कमी पडली म्हणून नवीन मशीन मागितलं असतं मालकांकडं.

गहू दळायला दिला आणि एकेक दाणा वेगळ्या पिशवीत बांधून दिला तर गिरणीवाला दळणार कधी, पिशव्याच मोजत बसणार. नेमनोडचं तेच झालंय.

उपाय केला तो असा. गेटवेच्या फाइल आधी कृष्णाच्या साध्या डिस्कवर एका फोल्डरमध्ये उतरतात, एचडीएफएसमध्ये नाही. दर तासाला कृष्णावरचीच एक कलेक्शन स्क्रिप्ट प्रत्येक मशीनच्या त्या तासाच्या फाइल एकत्र जोडून वर चढवते, आणि रात्री स्पार्कचा एक जॉब दिवसभराचं सगळं पार्के ह्या फाइलच्या प्रकारात लिहितो, मशीनमागं दिवसाला एक फाइल, आणि तासाच्या फाइल काढून टाकतो. एक लाख पंधरा हजाराच्या जागी चाळीस. जुन्या पंधरा दिवसांचं पण तसंच करून घेतलं, जॉबला बराच वेळ लागला कारण वाचण्यापेक्षा फाइल उघडण्यात जास्त वेळ जात होता, पण झाल्यावर हीपचा आलेख कड्यावरून उडी मारल्यासारखा खाली आला. अक्कांचा व्हायब्रेशनचा जो रिपोर्ट चहा होऊन कप धुवून होईपर्यंत चालायचा तो आता चहा ओतेपर्यंत होतो.

क्लस्टर सांभाळायचं टूल म्हणजे चालू-बंदचं बटण एवढंच नाही हे आज मला पटलं. तो आलेख नसता तर हे कळलंच नसतं.

२४ जुलै, बुधवार

काल दुपारी लाइट गेली. आता पावसात वर्कशॉपच्या भागात लाइट जाणं नवीन नाही, म्हणूनच यूपीएस घेतलाय, सातही मशीन त्याच्यावर. खालचे मामा (वॉचमन आणि वायरिंगचं सगळं तेच बघतात) जिन्यातून ओरडले, "करंट होगैत री!" मी म्हटलं असू दे मामा, आपली मशीन चालू आहेत.

मशीन चालूच होती. सातही. पंखे फिरतायत, दिवे लागलेत. पण क्लस्टर मेलं होतं.

नेटवर्कचा स्विच भिंतीवरच्या दुसऱ्या सॉकेटला होता. साधा, लाइटवरचा. त्यामुळं सात मशीन जिवंत पण एकमेकांशी बोलणं बंद, सात बेटं. कृष्णावरचा नेमनोड ॲक्टिव्ह होता आणि ती कलेक्शनची स्क्रिप्ट तिथंच चालते, तिनं फाइल चढवायला घेतली, नेमनोडला ती नोंद तीनपैकी दोन जर्नलनोडकडं लिहायलाच लागते, त्याला फक्त स्वतःजवळचा एक दिसतोय. लॉगमध्ये स्पष्ट लिहिलंय, २०,००० मिलिसेकंद वाट बघितली, बहुमत आलं नाही, आणि नेमनोडनं स्वतःला बंद केलं.

पोरं म्हणाली, सर हा तर बग आहे, बंद कशाला पडायचं? अजिबात बग नाही. तो एकटाच लिहीत राहिला असता आणि तिकडं मलप्रभानं मी ॲक्टिव्ह म्हणून लिहायला सुरुवात केली असती तर दोन वह्यांत दोन हिशोब झाले असते आणि नंतर ते कुणालाच जुळवता आले नसते. मला ज्याचं खात्रीनं लिहिता येत नाही ते मी लिहिणार नाही, असं म्हणून तो थांबला. मला त्याचं कौतुकच वाटलं.

लाइट चाळीस मिनिटांनी आली, स्विच आला, मी नेमनोड चालू केला, सेफमोडमध्ये गेला, ९९.९ टक्के ब्लॉकची खबर डेटानोडकडून येईपर्यंत तो लिहू देत नाही, त्यानंतर तीस सेकंद अजून थांबतो. आला बाहेर. तपासणी चालवली, एकही ब्लॉक खराब नाही. त्या तासाच्या फाइल कृष्णाच्या साध्या डिस्कवर होत्याच, त्या परत चढवल्या.

मामांना स्विच दाखवला. त्यांनी काही न बोलता शिडी आणली आणि दहा मिनिटांत त्याची वायर यूपीएसच्या बोर्डवर घेतली. वर म्हणाले, "हे मला आधी सांगायचं न्हवं? मी पहिल्या दिवशीच दिलो असतो की." सांगायला पाहिजे होतं. वायरिंगचा नकाशा आता गिटमध्ये आहे, इन्व्हेंटरी फाइलच्या शेजारी.

३० जुलै, मंगळवार

यूपीएसची बॅटरी सगळा लोड धरून पन्नास मिनिटांच्या आसपास जाते, काल मोजली. म्हणजे लांबची लाइट गेली तर नीट बंद करायला लागणारच. यूपीएसला यूएसबी पोर्ट नाही, नाहीतर नट नावाचं टूल आहे ते बॅटरी किती उरली हे स्वतः वाचतं. आम्ही असं केलं, एक जुना वायफाय राउटर मुद्दाम साध्या लाइटच्या सॉकेटला लावला आणि त्याला काहीही काम दिलं नाही. मलप्रभा दर मिनिटाला त्याला पिंग करते. पिंग बंद म्हणजे लाइट गेली. वीस मिनिटं सलग बंद राहिला की बंद करायचं प्लेबुक (अन्सिबलची क्रमानं करायच्या कामांची यादी) चालतं.

बंद करायचा क्रम कागदावर लिहून काढला आणि मग प्लेबुकमध्ये घातला. आधी नवीन जॉब घेणं थांबवायचं, कलेक्शन स्क्रिप्ट थांबवायची, मग यार्न, मग डेटानोड, मग नेमनोड, मग जर्नलनोड, सगळ्यात शेवटी झूकीपर. चालू करताना बरोबर उलटं. झूकीपर आधी बंद केला तर नेमनोडमध्ये ॲक्टिव्ह कोण हे ठरवणाराच राहत नाही, जर्नलनोड आधी बंद केले तर २३ तारखेचंच परत.

अक्कांचं बटण पण झालं. एका साध्या वेब पानावर दोनच बटणं, "क्लस्टर बंद" आणि "क्लस्टर चालू", मागं प्लेबुक. खाली एक ओळ येते, आत्ता काय चाललंय ते मराठीत. कागद छापून भिंतीवर लावला, वर मराठी खाली कन्नड, कन्नड मामांच्या मुलीनं लिहून दिलं. अक्कांनी स्वतः दोनदा बंद करून चालू केलं. मी खुर्चीवर हात बांधून बसलो होतो, एक शब्द बोललो नाही.

१४ ऑगस्ट, बुधवार

मार्कंडेय अचानक पूर्ण बाहेर. दोन डिस्कपैकी एकच गेलीय, दुसरी धडधाकट, तरी पूर्ण डेटानोड बंद. ह्याचं कारण एक सेटिंग, किती डिस्क गेलेल्या चालतील ह्याचं मूळ मूल्य शून्य असतं, म्हणजे एक गेली की नोडच बंद. दोन डिस्कच्या मशीनला हे परवडत नाही. एक केलं, मार्कंडेय एका डिस्कवर परत उभा राहिला आणि गेलेल्या डिस्कवरचे ब्लॉक दुसरीकडच्या प्रतींवरून भरायला लागले. डिस्क मागवलीय.

स्मार्टचे (डिस्क स्वतःच्या तब्येतीचे देते ते) आकडे बघितले तर ह्या डिस्कची बदललेल्या सेक्टरची संख्या तीन आठवडे वाढत होती. आकडा येत होता, अलर्ट नव्हता. आता आहे. तो आकडा एकदा जरी वाढला तरी मला आणि अक्कांना मेसेज.

पोरांनी एक चांगला प्रश्न विचारला. हडूप ३ मध्ये इरेजर कोडिंग (पूर्ण प्रतींऐवजी थोडे जादा तुकडे ठेवून हरवलेला तुकडा परत बांधायची पद्धत) आहे, तीन प्रतींच्या ऐवजी ते लावलं तर जागा वाचेल ना? वाचेल. नेहमीची सहा-तीनची (सहा तुकडे डेटाचे, तीन जादा) पद्धत नऊ डेटानोड मागते, आमच्याकडं पाच. तीन-दोनची बरोबर पाचात बसते आणि वर फक्त ६७ टक्के जागा जास्त लागते, तीन प्रतींना २०० टक्के लागते. पण पाचातला एक मार्कंडेयसारखा गेला तर हरवलेला तुकडा बांधून ठेवायला सहावा नोडच नाही, तो येईपर्यंत तसंच अर्धवट राहायचं. त्यामुळं नाही. हा विचार त्यांनी रिपोर्टमध्ये लिहावा म्हणून सांगितलं, परीक्षेत विचारो न विचारो.

२१ ऑगस्ट, बुधवार

डिस्क आली नाही. बाकी सगळं शांत. अन्सिबल चेंज्ड शून्य.

११ सप्टेंबर, बुधवार

गणपतीला गावी गेलो होतो, खानापूर तालुक्यात, आमच्याकडं घरात रेंज येत नाही, रस्त्यावर वडाजवळ यायला लागतं. सोमवारी संध्याकाळी गौरीचं सामान आणायला बाहेर पडलो आणि वडाजवळ मोबाइल थरथरायला लागला, एकामागं एक अठरा मेसेज. पहिला दुपारी २.१२ चा, राउटर पिंगला उत्तर देत नाही. माझ्या पोटात गोळा आला, कारण तेव्हा वाजले होते सव्वासहा.

तिथंच दगडावर बसून एकेक वाचत गेलो. २.३२ ला प्लेबुक सुरू. यार्न बंद. डेटानोड बंद चार. मग एक लाल मेसेज, दूधगंगा एसएसएचला उत्तर देत नाही, प्लेबुक थांबलं. हे मी धरलंच नव्हतं, एक मशीन अडलं तर बाकीच्यांचं काय. मग २.४१ ला अक्कांचा मेसेज, "दूधगंगा हँग आहे. मामांनी पॉवर बटण दाबून बंद केली. मी परत बंदचं बटण दाबते." २.४४ ला नेमनोड बंद दोन, जर्नलनोड बंद तीन, झूकीपर बंद तीन. २.४७, "सगळं बंद. यूपीएस पण बंद केला मामांनी. गौरी आणा निवांत."

लाइट आली ५.०५ ला. मामांनी आधी यूपीएस चालू केला, स्विचचे दिवे लागलेले बघितले, मग मशीन एकेक करून, कागदावर लिहिलंय तसं दोन मास्टर आधी. अक्कांनी चालूचं बटण दाबलं. ५.२६ ला सेफमोड बंद. शेवटचा मेसेज तपासणीचा निकाल, खराब ब्लॉक शून्य.

अक्कांना फोन लावला तर त्या घरी पोचल्या होत्या. मी विचारलं दूधगंगा हँग आहे हे कसं ओळखलंत? म्हणाल्या, "मामा म्हणाले तिचा पंखा मोठा वाजतोय आणि डिस्कचा दिवा लुकलुकतच नाही. ते रोज येता-जाता बघतात की रे."

आज आल्या आल्या केलेलं काम: प्लेबुकमध्ये एखादं मशीन अडलं तर त्याला सोडून पुढं जायचं, फक्त दोन मास्टर आणि घटप्रभा सोडून, कारण बहुमत त्या तिघांचं. बंद आणि चालू दोन्ही परत करून बघितलं, ह्यावेळी पोरांनी मुद्दाम वेदगंगाची केबल काढून ठेवली होती, नीट पुढं गेलं. भिंतीवरच्या कागदात एक ओळ वाढवली, पंखा आणि डिस्कच्या दिव्याची, मराठीत मी, कन्नडमध्ये मामांनी स्वतः. दूधगंगाची रॅमची पट्टी काढून पुसून बसवली, रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) लावतोय.

मार्कंडेयची डिस्क आली एकदाची. उद्या सकाळी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी बदलायची. डेटानोड गेला असं नेमनोड साडेदहा मिनिटांनी ठरवतो, तेवढ्यात मशीन उघडून, डिस्क बसवून, परत चालू झालं तर बाकीच्या चार नोडना काही कॉपी करत बसायला लागणार नाही. मामांनी कॅबिनेटचे चार स्क्रू आजच सैल करून ठेवलेत.